घुमला दोनदाच

१

“टाक शालननं नेला… नेला… नेला.”

चिखलीतल्या लॉनवर, अडीचशे पाहुण्यांसमोर, बारा फुटी पडद्यावरून हे वाक्य घुमलं आणि वाढप्यांचे हात जागच्या जागी थांबले. सोपानरावांचा अमृतमहोत्सव होता. पडद्यावरचे सोपानराव गेल्या दिवाळीतले, धडधाकट. पडद्यासमोर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या सोपानरावांना जानेवारीत अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आणि त्यांच्या शेजारी, रुमालाने त्यांची लाळ पुसत, शालनबाई उभ्या होत्या. आत्ता नाव घुमलं ते त्यांचंच.

टाक म्हणजे देवघरातला चांदीच्या पत्र्यावरचा देव. बावीस वर्षांपूर्वी या घरातला खंडोबाचा टाक नाहीसा झाला तेव्हा घरकामाला असलेल्या शालनबाईंवर आळ आला आणि त्यांना घराबाहेर काढलं गेलं. पुरावा कुणी मागितला नाही. पुढे शेतांवर इमारती उठल्या, बाहेरची माणसं राहायला आली आणि ही गोष्ट मागे पडली. यंदा सोपानराव अंथरुणाला खिळले, त्यांना उचलणं पत्नी सुभद्राबाईंच्या एकटीच्या आवाक्यातलं राहिलं नाही, तेव्हा शालनबाई न बोलावता आल्या आणि पदर खोचून कामाला लागल्या.

आता त्यांनी रुमालाची घडी घातली, खुर्चीच्या दांडीवर ठेवली आणि मांडवातून सरळ बाहेर गेल्या. सोपानराव डाव्या हाताने खुर्ची बडवत होते.

“म्हाताऱ्याचा राग अजून गेला न्हाई बघा,” माझ्यामागे कुणीतरी म्हणालं.

मी साउंडवाल्याच्या टेबलाशी उभा होतो. व्हिडिओ मी बनवला होता. खोटं कशाला बोलू, ते वाक्य ऐकून माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: एको काय झकास बसलाय.

या विचाराची लाज मला आजही वाटते.

२

मी धम्मपाल ओव्हाळ. चाकणला गिअर बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. पाचशे नगांची खेप आली की त्यातले तेरा उचलायचे, मोजायचे. तेरा पास तर पाचशे पास. वीस वर्षं हेच करतोय. केसाच्या जाडीचा फरक मी बोटांनी ओळखतो, असं मी लोकांना सांगत असतो आणि लोक ऐकून घेतात.

घरगुती व्हिडिओ ही माझी हौस. वाढदिवस, डोहाळजेवण, कुणाची निवृत्ती. लोकांनी मोबाईलवर काढलेलं जोडायचं, गाणं घालायचं आणि आवाजाला एको लावायचा. एको माझा फार लाडका. साधं वाक्य घुमून परत आलं की त्याला वजन येतं, अशी माझी ठाम समजूत. माझं माप ठरलेलं होतं: मूळ वाक्य एकदा, त्याचं शेपूट चारदा. एका बारशाला मी बाळाच्या रडण्यालासुद्धा चारदा घुमवलं होतं. बाळाची आजी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. सोसायटीत मला एकोवाला म्हणतात, आणि मी ते कौतुक समजत आलो.

शालनबाई आमच्या सोसायटीत सहा घरी काम करायच्या. त्यातली चार घरं नोकरदारांची, म्हणून त्यांच्या चाव्या शालनबाईंच्या कमरेला. अमृतमहोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत तीन बायकांनी चाव्या मागून घेतल्या. चौथी चावी आमची.

“मला पटत नाहीये,” माझी बायको नेहा हळूच म्हणाली, “पण सगळ्यांनीच घेतल्यात. उद्या कुणाकडे काही झालं तर आपल्याकडे बोट नको.”

मी पेपरात तोंड घातलं. नेहाने चावी मागितली, मी पान उलटलं.

शालनबाईंनी जुडग्यातून चावी सोडवून चपलांच्या कपाटावर ठेवली. “घरातलं मोजून घ्या,” त्या म्हणाल्या. नेहाला नाही, मला. मग दारात थांबल्या. “दादा, त्यो शिनेमा तुमीच केला न्हवं? एक इचारू? पाच म्हयनं सोपानराव माझ्या हातानं जेवत्यात. दुसऱ्या कुनी घास धरला तर तोंड उघडत न्हाईत. ज्याच्या मनात मी चोर हाय, त्यो माझ्या हातचं खाईल का?”

त्या जिना उतरून गेल्या.

बावीस वर्षांपूर्वी त्यांच्यावर बालंट आलं तेव्हा त्या तिशीत होत्या, नव्याने नाव कमावता आलं. आता पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा कोण घरात घेणार? आणि या वेळी त्यांचं नाव घुमवून सांगणारा मी होतो.

३

माझ्याकडचं मूळ चित्रीकरण उरलं नव्हतं. लॅपटॉप भरतो म्हणून काम झालं की मी सगळं उडवतो. जयदीपला, म्हणजे सोपानरावांच्या मुलाला, मी दिलेला आणि कार्यक्रमात लागलेला पेनड्राइव्ह तेवढा साउंडवाल्याकडे राहिला होता. तो आणला, कानाला हेडफोन लावला आणि ते वाक्य ऐकलं.

“टाक शालननं नेला… नेला… नेला.” आणि लगेच सोपानरावांचा मोठा आवाज: “आला का? बस, च्या घे.”

पुन्हा ऐकलं. मग बोटावर मोजलं.

एको दोनदाच होता. मी चारदा लावतो. त्याच व्हिडिओत पुढे-मागे सगळीकडे चारदा होता. “पयला ट्रॅक्टर आमीच आनला” चारदा घुमत होतं, “आईनं लई सोसलं” चारदा घुमत होतं. या एका वाक्याचं शेपूट मध्येच तुटलं होतं.

मग आवाज पूर्ण वाढवला आणि “च्या घे”च्या खाली आणखी काहीतरी सापडलं. अगदी बारीक, पण सोपानरावांचाच आवाज: “…राहिली… राहिली…”

त्या सबंध भागात सोपानराव ‘राहिली’ हा शब्द कुठेच बोलत नव्हते. शब्दाचा पत्ता नव्हता, पण त्याचा एको शिल्लक होता.

याचा अर्थ सरळ होता. एको लावून झाल्यावर कुणीतरी मधला तुकडा उडवला होता. शब्द गेले, पण शेवटच्या शब्दाचं घुमणं पुढच्या मोठ्या आवाजाखाली लपून राहिलं. “टाक शालननं नेला” या वाक्यानंतर सोपानराव आणखी काही बोलले होते, आणि ते कुणाला तरी नको होतं.

एको मी लावला. म्हणजे कात्री माझ्यानंतर चालली. मला हायसं वाटलं, हेही कबूल करतो.

४

त्या दिवाळीत काय झालं होतं ते आठवून पाहिलं. मी सोपानरावांसमोर स्टँडवर मोबाईल लावला होता. ते जुन्या गोष्टी सांगत होते. “आमच्या देवघरातला टाक गेला त्या साली…” इथवर आले आणि मला कंपनीतून फोन आला. गिऱ्हाइकाने खेप परत पाठवली होती. मी त्यांना खुणेने ‘चालू द्या’ म्हणालो आणि अंगणात गेलो. आत आलो तेव्हा ते म्हणाले, “आला का? बस, च्या घे.” मधलं मी ऐकलंच नव्हतं.

मग कुणी ऐकलं होतं? त्यांच्या बंगल्यावर गेलो.

सुभद्राबाई पोर्चमध्ये सोपानरावांना भरवायला बसल्या होत्या. ते तोंड उघडत नव्हते. वाटीतली पेज तशीच होती.

“मी आत च्या टाकत व्हते,” त्या म्हणाल्या. “पयल्यांदा खणखणीत बोलत व्हते. मग आवाज एकदम बारीक झाला. मला वाटलं, डोळा लागला का काय. म्या गॅस बारीक करून आयकलं, पर काय समजलं न्हाई.”

जयदीपचा जेसीबी भाड्याने देण्याचा धंदा. तो फोन कानाला लावूनच बोलला. “भाऊ, मी फक्त एवढंच म्हटलं की अडतीस मिनिटं कोण बघणार, जेवणं खोळंबतात. पंचवीसात बसवा. तुम्ही बसवलं. शुक्रवारी संध्याकाळी पेनड्राइव्ह दिला, तो मी साधनाकडे टाकला. विषय संपला.”

साधना, त्याची बायको, भाजी निवडत होती. तिने आढेवेढे घेतले नाहीत. “शालनबाई घरात नको होत्या मला, खरंय. सासूबाई त्यांना तिजोरीसमोर झोपवतात आणि मला विचारतात, कुठं गेली होतीस. पण पेनड्राइव्ह रात्रभर पर्समध्ये होता आणि मला मोबाईलवर गजर लावता येत नाही. सकाळी सार्थकला दिला.”

सार्थक त्यांचा मुलगा, चोवीस वर्षांचा, माण गावच्या आयटी पार्कात नोकरीला. लॅपटॉपवरून व्हिडिओ त्याने लावला होता. तो गॅलरीत उभा होता, माझ्याकडे न बघता म्हणाला, “मी फक्त प्ले केलं, काका.”

“आधी बघितला होतास?”

“नाही.”

“आजोबांचा व्हिडिओ, आणि आधी बघितलासुद्धा नाहीस?”

त्याचे कान लाल झाले. घरात कात्री चालवता येणारा हा एकटाच होता, आणि तो काहीतरी लपवत होता. मला माझा माणूस सापडला.

५

रविवारी दुपारी सगळ्यांना त्यांच्या हॉलमध्ये बसवलं. सोपानरावांची खुर्चीही आणायला लावली. नेहा म्हणाली होती, आधी पोराशी एकट्याने बोल. मी ऐकलं नाही. चारचौघांत गोष्ट उलगडून दाखवायची मला खाज होती, दुसरा शब्द नाही.

मी दोन एको ऐकवले, चार एको ऐकवले. “च्या घे”खालचं “राहिली” ऐकवलं. ते ऐकताच सोपानरावांचा डावा हात खुर्चीवर पुन्हा आपटायला लागला, आणि तेव्हा मला कळलं की त्या दिवशीही त्यांना राग आला नव्हता. अर्धंच ऐकवलंत, असं ते ओरडून सांगत होते.

“एको लागल्यावर तुकडा उडवलाय,” मी म्हणालो. “एको मी लावला. नंतर पेनड्राइव्ह तिघांच्या हातात गेला. जयदीप आणि साधना यांना हे जमणारं नाही. राहिला एकजण.”

साधनाच्या हातातली वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. “सार्थक?” जयदीप म्हणाला.

सार्थकने मान वर केली. आवाज चढवला नाही. “काका, मी व्हिडिओ आधी बघितला नव्हता, कारण आजोबा बोलताना दिसले की मला रडू येतं. सगळ्यांसमोर ते सांगायची लाज वाटत होती. एवढंच लपवलं मी.” मग त्याने माझा लॅपटॉप स्वतःकडे ओढला. “आता एक सांगा. ही फाईल शेवटची कधी बदलली ते तुम्ही बघितलं का?”

मी बघितलं नव्हतं.

त्याने दाखवलं. गुरुवार, दुपारी चार चाळीस.

पेनड्राइव्ह मी शुक्रवारी संध्याकाळी दिला होता. गुरुवारी दुपारी ही फाईल एकाच माणसाच्या हातात होती, आणि तो माणूस हॉलच्या मध्यभागी उभा राहून एका पोरावर बोट दाखवत होता.

६

गुरुवारी मी पहिल्या शिफ्टहून थेट घरी आलो होतो. अडतीस मिनिटांचं पंचवीसात बसवायचं होतं. एको वगैरे सगळं लावून फाईल तयार होती. ती मी दुसऱ्या ॲपमध्ये टाकली आणि एक बटण दाबलं: शांत जागा काढा. म्हातारी माणसं बोलताना थांबतात, विसरतात, खोकतात. आवाज ठरलेल्या पातळीच्या खाली गेला की ते ॲप तेवढा भाग आपोआप कापतं. दोन मिनिटांत काम झालं.

मग मी तपासलं. सुरुवातीचं थोडं, मधलं थोडं, शेवटचं थोडं. कंपनीत तपासतो तसंच. तेरा पास तर पाचशे पास.

सोपानराव हळू बोलले होते. त्या यंत्राला ती शांतता वाटली.

“काका,” सार्थक म्हणाला, “बुधवारी तुम्ही मला लिंक पाठवली होती. मोठी फाईल, बघून घे म्हणून. मी बघितली नाही, पण डाउनलोड आहे.”

ज्याच्यावर मी आळ घेतला त्यानेच फाईल शोधून लावली. मी उभाच होतो, मला बसायला कुणी सांगितलं नाही.

पडद्यावरचे सोपानराव म्हणाले, “टाक शालननं नेला.” चारदा घुमलं. त्या घुमण्याखालूनच त्यांचा आवाज खाली उतरला, स्वयंपाकघराकडे एकदा नजर गेली, आणि ते मोबाईलकडे बघत पुढे बोलले.

“असं मी गावाला सांगितलं. खोटं व्हतं ते. आमच्या भावकीत वाटनीला देव थोरल्या भावाकडं जातो. कोंडाजीकडं गेला असता. मला सोडवंना. मीच गोठ्यात गव्हानीखाली पुरला. समदे इचारायला लागले तवा तोंडात शालनचं नाव आलं. तिच्या बाजूनं बोलनारं कुनी न्हवतं म्हनून आलं. आता गव्हान गेली, वर बिल्डिंगचं पार्किंग हाय. देव बी गेला. तिची माफी मागायची राहिली.”

राहिली… राहिली… आणि उरलेल्या दोन घुमण्यांवरच मोठ्याने, “आला का? बस, च्या घे.”

त्यांनी ते मला सांगितलं होतं. मी अंगणात गिअरच्या खेपेवर वाद घालत होतो म्हणून मोबाईलला सांगितलं. जानेवारीनंतर ते कुणालाच सांगता येणार नव्हतं, आणि उरलेलं मी बटण दाबून पुसलं.

सोपानराव रडत होते. सुभद्राबाईंनी त्यांचा डावा हात धरला, मग सोडला. “बावीस वर्सं,” त्या म्हणाल्या, “त्या बाईला मी रस्त्यात बघून तोंड फिरवलं.” मग माझ्याकडे वळल्या. “ज्यांनी ज्यांनी ते आयकलं, त्यांनी हे आयकायचं. गुरुवारी देवळाच्या मंडपात लावा.”

“आई, लोक काय म्हणतील दादांना,” जयदीप वडिलांकडे बघत म्हणाला.

“म्हनू दे. तिला म्हनलेच की.”

मी सार्थकची माफी मागितली. तो म्हणाला, “ठीक आहे, काका.” ठीक नव्हतं, ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

गुरुवारी मंडपात लोक मावले नाहीत. मला एको काढून टाकायचा होता, पण तो त्या आवाजातच मुरला होता; चहात विरघळलेली साखर वेगळी काढता येत नाही. त्यामुळे सगळं चारदा घुमलं. खोटं व्हतं ते, चारदा. मीच पुरला, चारदा. व्हिडिओ संपल्यावर मी माईक घेतला आणि हे कुणामुळे उडालं ते सांगितलं. कुणी हसलं नाही, ते हसले असते तर बरं वाटलं असतं.

शालनबाई मागे खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. मग उठून सोपानरावांच्या खुर्चीपाशी गेल्या. सोपानरावांनी डावा हात उचलून कपाळाला लावला आणि मान खाली घातली. शालनबाईंनी दांडीवरचा रुमाल घेतला, त्यांचं तोंड पुसलं आणि खुर्ची घराकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कामाला आल्या. तीन घरांनी चाव्या परत देऊ केल्याचं नेहाने सांगितलं होतं. कमरेला जुडगं मात्र दिसत नव्हतं. मी आमची चावी घेऊन दारात उभा होतो, सकाळपासून हातात धरून धरून ती गरम झाली होती.

“शालनबाई, चुकलो,” मी म्हणालो. “त्या दिवशी मी पेपर वाचत नव्हतो. सगळं ऐकत होतो.”

“ठावं हाय मला,” त्या म्हणाल्या. “पेपर उलटा धरला व्हता तुमी.”

मी चावी पुढे केली. त्यांनी ती बघितली, पण हात पुढे केला नाही.

“राहू द्या तुमच्यापाशीच. त्या तिघींची बी घेतली न्हाई मी. इथून पुढं तुमी घरात असतानाच येत जाईन.” चपला काढून त्या आत गेल्या आणि भांड्यांचा नळ सुरू केला.

मी ओट्याशी जाऊन उभा राहिलो. त्या भांडी घासून होईपर्यंत घरात थांबावं लागणार होतं. कंपनीची बस निघून गेली.